बेचाळीस अंश

आत्माराम चेंदवणकर
फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत
जाळीच्या लिफ्टमध्ये एकतीस वर्षं स्टुलावर बसलेले.
आमच्या वॉर्डात आणलं तेव्हा म्हणाले,
"तळमजला बंद झालाय."
म्हणजे पावलं.
दुसऱ्या दिवशी गुडघे : "पहिला."
मग मांड्या.
"छाती कितव्याला येते हो?"
कुणी उत्तर दिलं नाही.

निवासी डॉक्टर पोरगी हातोडीने गुडघ्यावर ठोकत राहिली,
आतून कुणी दार उघडेना.
"मागच्या महिन्यात जुलाब? ताप? पोटात मुरडा?"
"छे. पोट म्हणजे घड्याळ आहे माझं."
बायको तर दुखावलीच :
"आमच्यात शिळं कुणी खात नाही.
माठ रोज घासते मी."

मी सहसा माणसं पाहत नाही.
मला डब्या येतात, नंबर चिकटवलेल्या.
नवं यंत्र चार महिने बंद आहे, कागद वर गेलेत,
म्हणून जुनीच रीत :
बरणीत प्लेटा रचायच्या, वरच्या प्लेटवर मेणबत्ती,
झाकण गच्च.
ज्योत आतली हवा खाते
आणि खाऊन खाऊन विझते.
त्या उरल्यासुरल्या हवेत, बेचाळीस अंशांवर,
ते सुखाने वाढतात.
या शहरात तशा हवेत वाढणारे
काय ते एकटेच नाहीत.

अठ्ठेचाळीस तासांनी काचेखाली
बारीक, गुलाबी, वाकडे.
दोन जोडून पडले की हुबेहूब सीगल,
हिवाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून सुटलेल्या लाँचमागे
लोक गाठ्ये उधळतात ना,
तसे पंख पसरून.
चेंदवणकरांच्या डबीत थवा होता.
चोच न मारता, आवाज न करता राहिलेला.

शरीराने ओळखलं होतं त्यांना, हे विशेष.
माणसाला पत्ता नव्हता, पण रक्ताला होता.
त्याने पहारेकरी पाठवले.
फक्त जंतूच्या अंगावरची साखर
आणि नसेच्या अंगावरची साखर
दिसायला सख्ख्या बहिणी.
पहारेकऱ्यांनी भलतीचीच बेल वाजवली.

रिपोर्ट मी शिपायाकडे दिला नाही, स्वतः वर नेला.
तोवर छातीचा मजला आला होता,
यंत्र त्यांच्यासाठी श्वास घेत होतं.
मी बाईंना म्हटलं, माठाचा दोष नाही.
"मग कुणाचा?"
मला फक्त नाव माहीत होतं. लॅटिन.
ते कसं सांगणार.

सातव्या आठवड्यात घशातली नळी निघाली.
पहिला शब्द, घोगरा :
"उतरतोय."
पावलं अजून यायचीत. येतील कदाचित.
लिफ्ट आता बटणाची झाली आहे म्हणे.

आणि हे कुणाला सांगितलेलं नाही.
बरणीत शेजारी एक निरोगी नमुना ठेवायचा असतो, ताडून बघायला.
त्या दिवशी देणारं कुणी नव्हतं.
मी माझीच डबी ठेवली, नंबर दोन हजार सातशे चौदा.
दोन दिवसांनी
त्याही प्लेटवर पंख.

पोट माझं घड्याळ आहे.
हजारांत एखाद्यालाच, हे मला पाठ आहे,
विद्यार्थ्यांना मीच सांगते.
पण आमच्या कांजूरमार्गच्या वसाहतीत
साधारण हजारच माणसं असतील.
सगळ्यांना ओळखते मी.

हल्ली पहाटे दूध आत घेतलं की
ओट्याशी चवड्यांवर उभी राहते.
वरच्या फळीपर्यंत हात पुरतो का बघते.
यशवंत विचारतो, काय हवंय वरचं?
मी म्हणते, काही नाही,
आणि टाचा खाली टेकवते,
आधी डावी,
मग थोडं थांबून
उजवी.